कर्ज, कोर्टाचा निकाल आणि आपला पत-अहवाल

(सभासद व विद्यार्थ्यांसाठी अभ्यासलेख)

प्रास्ताविक

कर्ज काढणे हा गुन्हा नाही. घर बांधण्यासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी, दवाखान्यासाठी किंवा लहानसा धंदा सुरू करण्यासाठी आपल्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी बँकेच्या दारात जावे लागते. परंतु कर्ज घेतल्यानंतर त्याची नोंद कोठे होते, ती किती काळ राहते, हप्ता चुकला तर काय लिहिले जाते आणि प्रकरण कोर्टात गेले तर त्याचा परिणाम कोठवर पोहोचतो, याची माहिती फार थोड्यांना असते. "सिबिल खराब आहे" एवढेच वाक्य ऐकून माणूस बँकेतून परत येतो. काय खराब आहे, कोणी खराब केले आणि ते दुरुस्त होऊ शकते काय, हे तो विचारीत नाही. विचारण्याचा आपल्याला हक्क आहे, हेच त्याला ठाऊक नसते. ती माहिती सोप्या भाषेत द्यावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहिला आहे.

कर्जाच्या नोंदीचा प्रश्न आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. तो दख्खनचा दंगा म्हणून प्रसिद्ध आहे. त्या शेतकऱ्यांचा मुख्य रोख होता तो सावकारांच्या वह्यांवर आणि कर्जरोख्यांवर. त्या वहीत काय लिहिले आहे हे कर्जदाराला वाचता येत नव्हते आणि वही त्याच्या हाती कधी पडतही नव्हती. पुढे १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. कर्जदाराला हिशेब मिळावा, पावती मिळावी, आणि न्यायाधीशाने नुसता रोखा न पाहता व्यवहाराचा मागचा इतिहास तपासावा, अशा तरतुदी त्यात आल्या. आजची वही संगणकात आहे. ती पाहण्याचा हक्क आपल्याला कायद्याने दिलेला आहे. हा हक्क वापरावयाचा तर प्रथम ती वही वाचता आली पाहिजे.

१. पत-अहवाल म्हणजे काय?

एखाद्या व्यक्तीने कोणकोणत्या बँका व वित्तसंस्थांकडून कर्ज घेतले आणि ते कसे फेडले, याच्या एकत्रित नोंदीला पत-अहवाल म्हणतात. हा अहवाल सरकार तयार करीत नाही, कोर्टही करीत नाही. त्यासाठी पतमाहिती कंपन्या आहेत. आपल्या देशातील पहिली कंपनी 'सिबिल' ही २००० साली मुंबईत स्थापन झाली. पहिली असल्यामुळे तिचेच नाव सर्वत्र रूढ झाले आहे. आज तिचे नाव ट्रान्सयुनियन सिबिल असे आहे. तिच्याशिवाय इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क अशा आणखी तीन कंपन्या हे काम करतात. म्हणजे आपल्या नावाचे एक नव्हे, चार अहवाल असू शकतात.

या कंपन्यांसाठी पतमाहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम, २००५ हा कायदा असून तो डिसेंबर २००६ पासून अमलात आला. त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते. २०१५ साली रिझर्व्ह बँकेने सर्व कर्ज देणाऱ्या संस्थांना चारही कंपन्यांचे सभासद होण्यास सांगितले. जानेवारी २०२५ पासून बँकांनी ही माहिती किमान पंधरवड्यातून एकदा पाठविली पाहिजे असा नियम झाला. पूर्वी महिन्यातून एकदा माहिती जात असे.

येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पतमाहिती कंपनी स्वतः चौकशी करून काही लिहीत नाही. बँक जे कळवील तेच ती नोंदविते. म्हणून नोंद चुकीची असेल तर चूक बहुधा कळविणाऱ्याकडे सापडते आणि दुरुस्तीचा मार्गही तेथूनच जातो.

२. अहवालात काय असते आणि काय नसते?

अहवालाचे साधारण चार भाग असतात. पहिल्या भागात नाव, जन्मतारीख, पॅन क्रमांक, पत्ते व दूरध्वनी क्रमांक असतात. दुसऱ्या भागात प्रत्येक कर्जखात्याची माहिती असते. कर्ज कोणत्या प्रकारचे, किती रकमेचे, केव्हा घेतले, आज बाकी किती, थकबाकी किती, आणि आपण त्या खात्यात एकटे कर्जदार आहोत, सहकर्जदार आहोत की जामीनदार, हे तेथे लिहिलेले असते. तिसऱ्या भागात चौकशांची नोंद असते. आपण कर्जाचा अर्ज केला की बँक आपला अहवाल मागविते, त्याची तारीख येथे येते. चौथी गोष्ट म्हणजे गुणांक. तो ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो.

अहवालात जात आणि धर्म नसतो. आपल्या बचत खात्यात किती पैसे आहेत, मुदत ठेव किती आहे, हेही नसते. त्यामुळे बँकेत मोठी ठेव असूनही हप्ते चुकविणाऱ्याचा अहवाल वाईट असू शकतो, आणि झोपडीत राहून वेळेवर हप्ते भरणाऱ्या बाईचा अहवाल उत्तम असू शकतो. ज्याने कधीच कर्ज घेतले नाही त्याला 'इतिहास नाही' असा शेरा मिळतो. तो शेरा वाईट नव्हे. मात्र अशा माणसाबद्दल बँकेला काही अंदाज करता येत नाही.

स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक कमी होतो, हा गैरसमज आहे. कर्जासाठी थोड्या दिवसांत अनेक ठिकाणी अर्ज केल्यास मात्र त्याचा प्रतिकूल परिणाम होऊ शकतो.

३. थकीत कर्जाची नोंद कशी होते?

प्रत्येक खात्यापुढे महिनावार रकाने असतात. सिबिलच्या अहवालात असा ३६ महिन्यांपर्यंतचा इतिहास दिसतो. हप्ता वेळेवर आला तर रकान्यात तीन शून्ये पडतात. हप्ता ठरल्या तारखेच्या पुढे जितके दिवस राहिला तितक्या दिवसांचा आकडा त्या महिन्यात येतो. ३० चा आकडा दिसला तर हप्ता तीस दिवस थकला, असे समजावे. थकबाकी ९० दिवसांपेक्षा जास्त झाली की बँकेच्या हिशेबी ते खाते अनुत्पादक होते. त्यानंतर आकड्याऐवजी दुय्यम, संशयित आणि बुडीत असे उतरते शेरे येऊ शकतात.

यापुढील दोन शेरे नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्यांतच आपली माणसे सर्वाधिक फसतात.

पहिला शेरा 'राईट ऑफ', म्हणजे निर्लेखित. बँक आपल्या ताळेबंदातून वसूल न होणारी रक्कम कमी करते, त्याला हे नाव आहे. हा बँकेचा अंतर्गत हिशेब झाला. कर्ज माफ झाले असा त्याचा अर्थ मुळीच नाही. बँक वसुली चालू ठेवू शकते, दावाही लावू शकते, आणि अहवालातील हा शेरा नव्या कर्जाच्या वाटेत मोठा अडथळा होतो.

दुसरा शेरा 'सेटल्ड', म्हणजे तडजोडीने मिटविलेले. समजा, एका सभासदाकडे ६०,००० रुपये येणे आहे. बँक म्हणते, "४०,००० एकरकमी भरा, खाते बंद करतो." सभासद पैसे भरतो, सुटलो असे समजतो. बँकेने मात्र २०,००० रुपये सोडून दिलेले असतात आणि अहवालात 'सेटल्ड' असे लिहून येते. पुढे गृहकर्जाच्या वेळी नवी बँक ते वाचते. ज्याने पूर्ण रक्कम फेडली त्याच्या खात्यापुढे 'बंद' असे येते. 'बंद' आणि 'सेटल्ड' हे दोन शब्द सारखे नाहीत. याचा अर्थ तडजोड करूच नये असा नाही. खरोखर अडचणीत सापडलेल्या कुटुंबाला तडजोडीने श्वास घेता येतो. परंतु ती करताना पुढची किंमत माहीत असावी. पुढे ऐपत आल्यावर बँकेशी लेखी बोलून राहिलेली रक्कम भरावी, बेबाकी दाखला घ्यावा आणि नोंद 'बंद' अशी करून मागावी. हा मार्ग उपलब्ध आहे.

४. जामीनदाराची जबाबदारी

आपल्या समाजात जामीन राहणे हा नात्याचा आणि मैत्रीचा व्यवहार समजला जातो. "नुसती सही तर करायची आहे" असे म्हटले जाते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असे जामीनदार सामान्यतः म्हणू शकत नाही. जामीन दिलेले खाते त्याच्या स्वतःच्या पत-अहवालात दिसते, आणि मित्राचा हप्ता थकला तर त्याचा डाग याच्यावरही उमटू शकतो. पगारदारांच्या पतसंस्थेत तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ नुसार पगारातून कपात करून घेण्याची सोय आहे.

जामीनदाराला कायद्याने काही आधारही दिला आहे. त्याने कर्ज फेडले तर बँकेचे जे हक्क कर्जदाराविरुद्ध होते ते कलम १४० प्रमाणे त्याला मिळतात, आणि भरलेली रक्कम तो कलम १४५ प्रमाणे कर्जदाराकडून मागू शकतो. म्हणून जामीनदाराने पैसे भरल्याची प्रत्येक पावती जपून ठेवावी. आमची सूचना अशी की जामीन राहण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःला विचारावा : उद्या हे कर्ज मलाच फेडावे लागले तर झेपेल काय? उत्तर 'नाही' असेल तर प्रेमाने नकार द्यावा. त्यात मैत्रीचा अपमान नाही.

५. दावा, हुकूमनामा आणि अहवाल

वसुलीसाठी बँकेपुढे अनेक मार्ग असतात. लहान रकमेसाठी दिवाणी न्यायालय, २० लाख रुपये व त्यावरील रकमेसाठी कर्ज वसुली न्यायाधिकरण (ही मर्यादा २०१८ पूर्वी १० लाख होती), तारण मालमत्तेसाठी २००२ चा सरफेसी कायदा, आणि सहकारी संस्थांच्या बाबतीत निबंधकाकडून मिळणारा कलम १०१ चा वसुली दाखला. मुंबई, पुणे व नागपूर येथे अशी न्यायाधिकरणे आहेत.

आता मुख्य प्रश्न असा की कोर्टाचा निकाल पत-अहवालात येतो काय?

आपल्या देशात कोर्ट आपला निकाल पतमाहिती कंपनीला पाठवीत नाही. निकालाचा असा स्वतंत्र रकाना अहवालात नाही. बँक त्या कर्जखात्यापुढे 'दावा दाखल' असा शेरा कळविते. ऐपत असूनही जाणूनबुजून न फेडणाऱ्यासाठी 'हेतुपुरस्सर थकबाकीदार' असा वेगळा शेरा आहे. मोठ्या थकबाकीदारांच्या याद्या तर जनतेसही पाहता येतात. १ कोटी रुपये व त्यावरील दावा दाखल खाती आणि २५ लाख रुपये व त्यावरील हेतुपुरस्सर थकबाकीदार यांच्या या याद्या असतात. थकबाकीदारांची माहिती बँकांमध्ये देवाणघेवाण करण्याची ही पद्धत रिझर्व्ह बँकेने १९९४ साली सुरू केली.

यातून व्यवहारात तीन गोष्टी निघतात.

पहिली : दोन खाजगी व्यक्तींमधील हातउसन्या पैशाचा दावा, किंवा त्यावर झालेला हुकूमनामा, पत-अहवालात येत नाही. धनादेश न वटल्याबद्दलचा कलम १३८ चा खटलाही खटला म्हणून येत नाही. पण तो धनादेश बँकेच्या हप्त्याचा असेल तर चुकलेला हप्ता मात्र येतो. अहवालात नाही म्हणून हुकूमनामा निरुपयोगी आहे असे कोणी समजू नये. त्याची दरखास्त लावून बारा वर्षांपर्यंत वसुली करता येते.

दुसरी : दावा कर्जदाराच्या बाजूने निकाली लागला किंवा हुकूमनाम्याची संपूर्ण रक्कम भरली, तरी 'दावा दाखल' हा शेरा आपोआप पुसला जात नाही. कोर्टाचा कारकून ती बातमी कोणाला कळविणार नाही. बँकेने कळविले पाहिजे, आणि बँकेने कळविले की नाही हे आपण पाहिले पाहिजे. निकालाची प्रमाणित प्रत, भरणा केल्याची पावती आणि बेबाकी दाखला जोडून बँकेस लेखी अर्ज द्यावा व अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.

तिसरी : लोकअदालतीत झालेली तडजोड ही दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखीच असते आणि तिच्यावर अपील नाही. तेथे सही करण्यापूर्वी अहवालातील नोंद 'बंद' होणार की 'सेटल्ड' होणार हे बँकेच्या प्रतिनिधीकडून तडजोडीच्या कागदावरच लिहून घ्यावे.

परदेशातील रीत यापेक्षा वेगळी आहे. आपली काही मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी तेथे जातात, म्हणून थोडक्यात सांगतो. इंग्लंडमध्ये काउंटी कोर्टाच्या पैशाच्या निकालांची सार्वजनिक नोंदवही असते. तेथून तो निकाल पत-अहवालात येतो व सहा वर्षे राहतो. एका महिन्याच्या आत पूर्ण रक्कम भरली तर नोंद काढली जाते. उशिरा भरली तर 'फेडले' एवढा शेरा पडतो, पण नोंद राहते. अमेरिकेत १९७० च्या कायद्यानुसार असे निकाल सात वर्षे किंवा त्याहून अधिक काळही अहवालात ठेवता येत. परंतु नावसाधर्म्यामुळे एकाचा निकाल दुसऱ्याच्या माथी लागण्याच्या तक्रारी वाढल्या. जुलै २०१७ पासून तेथील तीन मोठ्या कंपन्यांनी ओळखीचे निकष कडक केले. त्यात बहुतेक सर्व दिवाणी निकाल अहवालांतून बाहेर पडले. दिवाळखोरीची नोंद मात्र राहिली. यावरून एवढेच दिसते की कोणती नोंद ठेवावी हे माणसेच ठरवितात, आणि चुकीच्या नोंदीविरुद्ध तक्रारी झाल्या तर पद्धत बदलते.

६. मुदतबाह्य कर्ज

"तीन वर्षे झाली, आता कर्ज बुडाले" असे पुष्कळदा ऐकू येते. मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे साध्या कर्जाच्या पैशासाठी दावा लावण्याची मुदत सामान्यतः तीन वर्षे आहे. गहाणाच्या मालमत्तेतून रक्कम वसूल करण्यासाठी ती बारा वर्षे आहे. मुदत संपण्यापूर्वी कर्जदाराने कर्ज लेखी कबूल केले, किंवा काही रक्कम भरून त्याची त्याच्या सहीची नोंद झाली, तर मुदत नव्याने सुरू होते.

मुदत संपल्यावर दाव्याचा मार्ग बंद होतो, पण कर्ज नाहीसे होत नाही. अहवालातील नोंदही त्यामुळे जात नाही. पतमाहिती कंपन्यांनी माहिती किमान सात वर्षे जतन करावयाची असते. 'किमान' हा शब्द महत्त्वाचा आहे. सात वर्षांनी सर्व काही पुसले जाईल या भरवशावर कोणी राहू नये.

७. भीती कोणती बाळगावी, कोणती नाही

वसुलीच्या नावाखाली गरीब माणसाला खूप घाबरविले जाते. "तुरुंगात टाकू" ही तर नेहमीची धमकी. म्हणून कायदा काय म्हणतो ते पाहू.

केवळ पैसे नाहीत म्हणून कोणाला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही. ऐपत असून लबाडीने टाळाटाळ केली तरच तसे होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज व्हर्गीस प्रकरणात स्पष्ट केले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६ प्रमाणे पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. कलम ६० प्रमाणे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे आणि भविष्य निर्वाह निधी यांची जप्ती होऊ शकत नाही. पगारातील पहिले १,००० रुपये व उरलेल्याचा दोन-तृतीयांश भागही सामान्यतः सुरक्षित असतो. वसुली एजंटाने सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर दूरध्वनी करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले आहे.

बापाने काढलेल्या कर्जाची नोंद केवळ वारस म्हणून मुलाच्या अहवालात येत नाही. मिळालेल्या वारशापुरतीच वारसाची जबाबदारी असते. मुलगा सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तर गोष्ट वेगळी.

या संरक्षणांचा उपयोग प्रामाणिक माणसाला धीर देण्यासाठी आहे. कर्ज बुडविण्याची युक्ती म्हणून त्यांच्याकडे पाहू नये.

८. चूक दिसल्यास काय करावे?

प्रत्येक कंपनीने आपला संपूर्ण अहवाल वर्षातून एकदा विनामूल्य द्यावा, असा नियम २०१७ पासून आहे. चार कंपन्या म्हणजे वर्षात चार विनामूल्य अहवाल. दर तीन महिन्यांनी एक मागविला तर वर्षभर लक्ष राहते.

अहवाल हाती आला की पुढील क्रमाने वाचावा :

(१) नाव, जन्मतारीख, पॅन व पत्ता बरोबर आहे काय?
(२) आपण न घेतलेले एखादे खाते दिसते काय? नावसाधर्म्याने किंवा कोणी आपली कागदपत्रे वापरल्याने असे होऊ शकते.
(३) फेडलेले कर्ज 'चालू' किंवा 'थकीत' दिसते काय?
(४) जामीन दिलेली खाती कोणती आणि ती नियमित आहेत काय?
(५) 'दावा दाखल', 'राईट ऑफ' किंवा 'सेटल्ड' असा शेरा कोठे आहे, आणि तो खरा आहे काय?

चूक आढळल्यास पतमाहिती कंपनीकडे किंवा बँकेकडे लेखी तक्रार करावी. त्यास शुल्क नाही. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली पाहिजे. त्यांपैकी २१ दिवसांत बँकेने दुरुस्त माहिती पाठवावयाची असते. ३० दिवस उलटले तर पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळते. ही तरतूद २६ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. तरीही दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. पतमाहिती कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून त्यांच्या कक्षेत आल्या आहेत.

"पैसे द्या, सिबिल साफ करून देतो" असे सांगणारे दलाल फिरत असतात. चुकीची नोंद आपण स्वतः विनामूल्य दुरुस्त करून घेऊ शकतो, आणि खरी नोंद कोणीही पुसू शकत नाही. मग दलालाला पैसे कशाचे द्यावयाचे?

९. विद्यार्थी व बचत गटांच्या भगिनींसाठी

शैक्षणिक कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात. कर्ज थकले तर दोघांच्याही अहवालात दिसते. केरळ उच्च न्यायालयाने २०२० मध्ये पालकांचा गुणांक कमी आहे एवढ्याच कारणाने शैक्षणिक कर्ज नाकारू नये, असा निर्णय दिला. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कमी गुणांकाच्या प्रकरणातही २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने विद्यार्थ्याला दिलासा दिला. नकार मिळाला तर तो लेखी मागावा आणि वरिष्ठांकडे दाद मागावी.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका उमेदवाराची स्टेट बँकेतील नियुक्ती पूर्वीच्या थकबाकीमुळे रद्द झाली ती कायम ठेवली. लोकांचा पैसा सांभाळणाऱ्याकडून आर्थिक शिस्तीची अपेक्षा धरणे योग्य आहे, असा न्यायालयाचा विचार होता. बँकेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे मनावर घ्यावे. मोबाईल हप्त्याने घेणे, ॲपवरून दोन-चार हजार उचलणे, क्रेडिट कार्डाची किरकोळ बाकी तशीच सोडून देणे या गोष्टी लहान वाटतात. २०२२ च्या नियमांनंतर ॲपवरील अल्पमुदतीच्या कर्जाचीही माहिती पतमाहिती कंपन्यांकडे जाते. वापरात नसलेले कार्ड रीतसर बंद करून तसे पत्र घ्यावे.

सूक्ष्म वित्त संस्थांच्या गटातून घेतलेले कर्ज प्रत्येक भगिनीच्या नावे स्वतंत्रपणे नोंदले जाते. दुसरीसाठी आपल्या नावावर कर्ज उचलून देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तिचा हप्ता थकला तर डाग मात्र आपल्या नावावर राहतो. असे करू नये.

समारोप

पाली वाङ्मयात अंगुत्तर निकायातील इणसुत्तात ऋणाचा प्रवास क्रमाने सांगितला आहे. दारिद्र्यातून ऋण, ऋणातून व्याज, व्याजातून तगादा, तगाद्यातून पाठलाग आणि शेवटी बंधन. त्याच निकायात गृहस्थाच्या चार सुखांमध्ये 'अनण सुख', म्हणजे कोणाचे देणे नसल्याचे सुख, गणले आहे. आजच्या पत-अहवालाचे रकाने पाहिले तर तोच क्रम दिसतो : कर्ज, व्याज, थकबाकी, दावा, जप्ती. या साखळीत आपण कोणत्या कडीवर उभे आहोत हे वेळीच कळले तर पुढची कडी टाळता येते. पहिला हप्ता चुकण्याची चिन्हे दिसताच बँकेत जाऊन हप्त्यांची फेररचना मागणे हे तोंड लपविण्यापेक्षा केव्हाही हिताचे असते. नोटीस आली तर ती फेकून न देता तारीख पाहून उत्तर द्यावे. विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अल्प उत्पन्न असणारे यांना विनामूल्य वकील मिळतो.

या लेखाचे वाचन घरातील सर्वांनी मिळून करावे आणि पुढील प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या कागदपत्रांवरून शोधावीत, ही विनंती.

अभ्यासासाठी प्रश्न

१. 'बंद' आणि 'सेटल्ड' या शेऱ्यांत फरक काय? आपल्या घरातील कोणत्या खात्यापुढे कोणता शेरा आहे?
२. बँकेने कर्ज 'राईट ऑफ' केले म्हणजे ते माफ झाले काय? कारण द्या.
३. दावा कर्जदाराच्या बाजूने लागला तरी 'दावा दाखल' हा शेरा का राहू शकतो? तो काढण्यासाठी कोणती कागदपत्रे लागतील?
४. आपल्या कुटुंबातील कोणी कोणाला जामीन आहे काय? त्या कर्जाचा शेवटचा हप्ता केव्हा भरला गेला?
५. मुदतबाह्य कर्जाचा दावा लावता येत नाही, तरी अहवालातील नोंद का राहते?